सपाट छतासाठी टिकाऊ रूफिंग कसं निवडायचं: पहिल्यांदाच काम काढणाऱ्यांसाठी

सपाट छताचं काम काढायचं ठरलं की सगळे आधी एकच विचारतात, मटेरियल कोणतं चांगलं? रबराची शीट टाकू, डांबराचं मेंब्रेन (म्हणजे पाणी अडवणारी चादर) टाकू की लिक्विड कोटिंग मारू? मग जो तो आपापलं सांगतो, कोणी म्हणतं पीव्हीसी लावा बिनधास्त, कोणी म्हणतं आमचं पीव्हीसी काही वर्षांतच फाटलं, आणि दोघंही खरंच बोलत असतात. कारण सपाट छत किती टिकणार हे रोलवर छापलेल्या नावापेक्षा ढाळ, पाण्याची वाट, कडा-कोपरे आणि काम करणारे हात यांच्यावर जास्त ठरतं. म्हणून इथे मटेरियलचं नाव मुद्दाम उशिरा घेतलंय, आधी छताची तपासणी नीट करून घेऊ, तेवढ्यात निम्मे पर्याय आपोआप बाद होतात आणि उरलेल्यातून निवडणं बरंच सोपं जातं.

पायरी १: छत खरंच किती सपाट आहे ते मोजा

नाव सपाट असलं तरी कुठलंही छत पूर्ण लेव्हलमध्ये नसावं. पाणी स्वतःहून वाहून जायला साधारण २ टक्के ढाळ लागतो, म्हणजे दर मीटरला २ सेंटीमीटर, फुटात बोलायचं तर फुटाला पाव इंच. आणि वरची मर्यादा बघायची तर १२ फूट आडव्या अंतरात २ फुटांपेक्षा कमी चढ असेल, म्हणजे साडेनऊ अंशांच्या आतबाहेर, तर त्याला लो-स्लोप धरतात. हा आकडा लक्षात ठेवा कारण त्याच्याखाली कौलं, शिंगल असले प्रकार चालत नाहीत. ते पाणी अडवत नाहीत, एकावर एक चढवलेले असतात म्हणून पाणी पुढे सरकवतात एवढंच, उतार कमी झाला की वारा तेच पाणी उलटं आत ढकलतो. पत्र्याचंही तसंच. आयबीसी म्हणजे मुख्यतः अमेरिकेत चालणाऱ्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे नुसता ओव्हरलॅप दिलेले आणि सांध्यात सीलंट नसलेले पत्रे असतील तर १२ ला ३ चढ लागतो, सीलंट भरलेलं असेल तर १२ ला अर्धा, आणि उभ्या घडीचे स्टँडिंग सीम पत्रे १२ ला पाव इतक्या कमी उतारावरही चालतात. म्हणजे उतार मोजल्याशिवाय पत्र्याचं कोटेशन मागवण्यात काही अर्थ नाही.

मोजायचं कसं? गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात तीच पद्धत चालेल, लेझर लेव्हल मिळाली तर अजून बरं. पण त्याहून बोलकी टेस्ट म्हणजे जोराचा पाऊस होऊन गेल्यावर वर जा, जिथे जिथे पाणी साचलंय त्याच्याभोवती खडूने रेघ मारा, फोटो काढा आणि ४८ तासांनी परत बघा. तोवर जे पाणी हटलं नाही ते साचलेलं पाणी समजायचं, धंद्यात त्याला पाँडिंग म्हणतात, आणि बऱ्याच वॉरंट्यांमध्ये हाच ४८ तासांचा हिशोब असतो.

साचलेलं पाणी किरकोळ वाटतं पण त्याचं वजन बघा. एका चौरस मीटरवर १ सेंटीमीटर पाणी म्हणजे १० किलो. दहा चौरस मीटरच्या खोलगट भागात ३ सेंटीमीटर साचलं तर ३०० किलो झाले, तेवढ्याने हलकं छत अजून थोडं वाकतं, वाकलं की अजून पाणी साचतं, आणि हे चक्र चालू राहतं. शिवाय पाण्याखाली कुठे बारीक भोक असेल तर दोन तासांऐवजी दोन दिवस पाणी आत जात राहणार. त्यामुळे ढाळ सुधारता येत असेल तर बजेटमधला पहिला पैसा तिथे घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. काँक्रीटवर मसाल्याचा थर देऊन ढाळ काढता येतो, वजन नको असेल तर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असे तिरपे कापलेले इन्सुलेशनचे बोर्ड मिळतात ते टाकून काढता येतो, आणि हे दोन्ही जमत नसेल तर निदान त्या खोलगट जागी एक नवीन ड्रेन पाडता येतो का ते तरी बघा.

पायरी २: खाली काय आहे, आणि ते किती वजन घेईल

छताचा पाया, ज्याला डेक म्हणतात, तो काँक्रीटचा स्लॅब आहे, लोखंडी पन्हळी पत्र्याचा आहे की लाकडी फळ्या-प्लायचा आहे, याच्यावर अर्धा निर्णय होतो. लाकडावर ज्वाला लावून चिकटवायची सिस्टीम डोक्यातून काढूनच टाका. पत्र्याच्या डेकवर स्क्रू मारून शीट बसवणं सोपं, काँक्रीटवर चिकटवणं सोपं.

वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. दीड मिलिमीटरची रबर शीट चौरस मीटरला जेमतेम २ किलो भरते, ४ मिलिमीटरचं डांबरी मेंब्रेन ४-५ किलो, शीट उडू नये म्हणून वर गोटे पसरायचे तर ५०-६० किलो, आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा १०० मिलिमीटर जाडीचा केला तर जवळपास २०० किलो. कोब्याने ढाळही मिळतो, उन्हाचा तडाखाही कमी होतो, हे खरंय, पण जुना कोबा न काढता त्याच्यावर दुसरा कोबा चढवणं म्हणजे इमारतीवर कायमचा बोजा, आणि खाली गळायला लागलं तर पाणी नक्की कुठून शिरतंय ते सापडत नाही कारण ते कोब्याच्या पोटात फिरून भलतीकडेच बाहेर येतं. वजन वाढणारं काही करायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, कॉन्ट्रॅक्टरच्या शब्दावर जाऊ नका.

जुनं छत असेल तर अजून एक काम आहे, ते म्हणजे पोटात काय दडलंय ते बघणं. एक-दोन ठिकाणी चौकोनी तुकडा कापून सगळे थर खालपर्यंत बघायचे, ओल आहे का, किती थर आहेत, इन्सुलेशन भिजलंय का, आणि मग लगेच ती जागा पॅच मारून बंद करायची. आयबीसीप्रमाणे छतावर आधीच दोन थर असतील किंवा जुना थर पाण्याने भिजलेला असेल तर वर तिसरा टाकायला परवानगीच नाही, सगळं उकलून काढावं लागतं, आणि कोडचं बंधन नसलं तरी हा नियम पाळण्यासारखा आहे कारण ओली गादी खाली ठेवून वर नवीन शीट टाकली की त्यातल्या ओलीची उन्हात वाफ होऊन ती फुगते आणि फोड येतात. मोठं छत असेल तर सूर्य मावळल्यावर थर्मल कॅमेऱ्याने तपासणी करून घेता येते, भिजलेलं इन्सुलेशन दिवसाची उष्णता धरून ठेवतं म्हणून ते भाग कॅमेऱ्यात वेगळे दिसतात.

स्लॅब नवा असेल तर निदान २८ दिवस तरी जाऊ द्या, आणि त्यानंतरही एकदा ओल बघा. साधी पद्धत, अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून स्लॅबवर घट्ट चिकटवा, १६ तास राहू द्या, उचलल्यावर खाली घाम दिसला किंवा काँक्रीट काळपट पडलं असेल तर अजून थांबा. घाई करून ओल्या स्लॅबवर चिकटवलेलं मटेरियल कितीही भारी असू दे, सुटतं.

पायरी ३: पाणी कुठून बाहेर पडणार

ड्रेन छताच्या सर्वात खालच्या जागी हवा, हे इतकं उघड आहे तरी कितीतरी छतांवर ड्रेनचं तोंड आजूबाजूच्या लेव्हलपेक्षा वर असतं, कारण आधी पाईप बसला आणि नंतर थरावर थर चढत गेले. नवीन सिस्टीमचे थर धरून ड्रेनभोवती थोडा खळगा ठेवायचा. आणि एकाच ड्रेनवर छत सोडू नका. तो पानांनी तुंबला की कठड्याच्या आत सगळं छत तलाव होतं, म्हणून मुख्य ड्रेनपेक्षा साधारण ५ सेंटीमीटर उंचीवर कठड्यातून आरपार एक ओव्हरफ्लोचं भोक ठेवायचं, त्यातून पाणी पडायला लागलं की खालच्याला लगेच कळतं की वर काहीतरी तुंबलंय.

पायरी ४: छतावर होणार काय आहे ते लिहून काढा

हे खरंच कागदावर लिहा. वर माणसं रोज चालणार का, पाण्याची टाकी, एसीचे आउटडोअर युनिट, सोलर पॅनल येणार का, झाडं लावणार का, स्वयंपाकघराचा धूर-तेलकट वाफ छतावर सोडणारा एक्झॉस्ट आहे का, उन्हाळा किती कडक, थंडीत शून्याखाली जातं का, गारा पडतात का, शेजारी झाड आहे का.

प्रत्येक उत्तराने काहीतरी ठरतं. तेलकट वाफ येत असेल तर ईपीडीएम रबर नको, तेल आणि पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटने ते फुगतं आणि सैल पडतं, तिथे पीव्हीसी बरं. सोलर पॅनल २५ वर्षं चालतात, खालचं छत दहा वर्षांत संपणारं असेल तर सगळे पॅनल उतरवून परत चढवायचा खर्च तुमच्याच अंगावर, म्हणजे सोलर लावायचं असेल तर छत आधी आणि चांगलं करा. बाग करायची असेल तर मुळं भेदून जाणार नाहीत असा थर वेगळा लागतो, तो नंतर घालता येत नाही. रोज वावर असेल तर कुठलंही उघडं मेंब्रेन एकटं पुरत नाही, वर टाइल, पेव्हर नाहीतर निदान ये-जा करायच्या वाटेवर वॉकवे पॅड हवेत.

रंगाचा विचारही इथेच करून टाका. कडक उन्हात काळं छत ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापतं, पांढरं, उजेड परत फेकणारं छत त्याच उन्हात २५-३० अंशांनी थंड राहू शकतं. गरम प्रदेशात हा फरक खालच्या खोलीत रोज जाणवतो, आणि मटेरियललाही कमी ताण पडतो. थंड प्रदेशात मात्र इन्सुलेशन किती जाड आहे याला जास्त महत्त्व आहे. पांढरं छत धूळ बसून मळतं आणि त्याचा गुण कमी होतो, तेवढं धरून चालायचं, अधूनमधून धुवावं लागतं.

अजून एक, खालून छताला ओल दिसली म्हणजे ती गळतीच असते असं नाही. थंड दिवसांत घरातली दमट हवा वर जाऊन गार डेकला लागते आणि तिथे पाणी धरते. पाऊस नसतानाही ओल येत असेल तर आधी हे तपासा, नाहीतर वरून कितीही चांगलं रूफिंग करा, डाग तसाच राहील. त्यावर उपाय म्हणजे आतल्या उबदार बाजूला वाफ अडवणारा थर आणि पुरेसं इन्सुलेशन.

पायरी ५: आता मटेरियल

ईपीडीएम म्हणजे काळी रबर शीट, १९६० च्या दशकापासून छतांवर आहे, म्हणजे हिचं चांगलं-वाईट सगळं बघून झालंय. १.१, १.५ आणि २.३ मिलिमीटर अशा जाडीत येते, मला विचाराल तर १.५ च्या खाली जाऊ नका. ऊन, ओझोन, थंडी सगळं सहन करते, ताणली जाते, मोठमोठ्या रुंदीत मिळते त्यामुळे सांधे कमी. कमजोरी सांध्यांची, कारण ही वितळवून जोडता येत नाही, टेप किंवा चिकट लावून जोडावी लागते, आणि ते करताना पृष्ठभाग नीट पुसून प्रायमर मारलेला नसेल तर काही वर्षांनी सांधा तोंड उघडतो. जुन्या शीट आकसून कठड्याजवळ ताणल्या जातात, तिथे दाबल्यावर पोकळी लागते. दुरुस्तीला डांबराचा लेप कधीच लावू नका, रबर खराब होतं.

टीपीओ आणि पीव्हीसी या दोन्ही गरम हवेने वितळवून जोडायच्या प्लास्टिकच्या शीट, बहुतेक पांढऱ्या. त्यांची खरी ताकद हीच, नीट वेल्ड केलेला सांधा एकजीव होतो आणि शीटपेक्षाही मजबूत निघतो. पीव्हीसी युरोपात १९६० च्या दशकात आलं, टीपीओ १९९० च्या दशकात, आणि टीपीओच्या सुरुवातीच्या काही शीट कडक उन्हात लवकर खराब झाल्या, नंतर फॉर्म्युले बदलत गेले, त्यामुळे टीपीओ घेताना त्या कंपनीची आत्ताची शीट किती वर्षं बाजारात आहे ते जरूर विचारा. आणि नुसती एकूण जाडी बघू नका, शीटच्या आत मजबुतीसाठी जाळी असते, तिच्या वर किती मटेरियल आहे ते बघा, ऊन तेवढाच थर खातं, जाळी उघडी पडली की शीट संपली. पीव्हीसीमध्ये मऊपणासाठी प्लास्टिसायझर घातलेलं असतं, ते थर्माकोलसारख्या पॉलिस्टायरीनला किंवा जुन्या डांबराला थेट टेकलं तर तिकडे झिरपतं आणि शीट कडक होते, म्हणून मधे वेगळा कापडी थर टाकायलाच हवा. हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसेल तर समजा कोणी विचारच केलेला नाही.

मॉडिफाइड बिटुमेन म्हणजे सुधारलेल्या डांबराचं मेंब्रेन, सगळ्यात जास्त कारागिरांना येणारं काम. यात दोन जाती, एपीपी आणि एसबीएस. एपीपीमध्ये प्लास्टिक मिसळलेलं असतं, ते उन्हाला, गरमीला चांगलं. एसबीएसमध्ये रबर मिसळलेलं, ते थंडीत लवचिक राहतं आणि हलणाऱ्या डेकवर बरं. एका थराचं काम स्वस्त पडतं पण मी दोनच थर सुचवेन, खालचा थर आणि वरचा थर अशा पद्धतीने की सांधे एकावर एक येणार नाहीत, आणि वरच्या थरावर खडीचे बारीक दाणे असलेला प्रकार घ्या, नाहीतर ऊन डांबर सुकवून टाकतं. ओव्हरलॅप बाजूला १०० मिलिमीटर, टोकाला १५० मिलिमीटर. सांध्यातून वितळलेलं डांबर बारीक रेघेसारखं बाहेर आलेलं दिसलं पाहिजे, ते दिसत नसेल तर आत चिकटलेलं नाही. गॅसच्या ज्वालेची टॉर्च वापरून काम होणार असेल तर जवळ आग विझवायचं साधन आणि काम संपल्यावरही निदान दोन तास कोणीतरी थांबून लक्ष ठेवणं, याच्यात तडजोड नको, धुमसणारी ठिणगी कठड्याच्या आत, लाकडात उशिरा पेटते.

डांबर आणि फेल्टचे (डांबर मुरवलेल्या जाड चादरीचे) तीन-चार थर आणि वर खडी, ही बिल्ट-अप पद्धत शंभरहून जास्त वर्षांची आहे, जाड आणि दणकट, पण वजनदार, आणि गरम डांबराचा धूर, वास, भाजण्याचा धोका. करणारी अनुभवी टीम हाताशी असेल तरच.

लिक्विड कोटिंगबद्दल जरा जास्त लिहितो कारण नवीन माणसं इथेच जास्त फसतात. डब्यावर सगळे सारखेच दिसतात पण आत फरक मोठा. ॲक्रेलिक पाण्यात मिसळलेलं असतं, उन्हाला चांगलं, लावायला सोपं, पण पाणी साचलं की मऊ पडतं आणि सुटतं, म्हणजे ढाळ नसलेल्या छताला ते नकोच. सिलिकॉन साचलेलं पाणी सहन करतं, उन्हालाही चांगलं, मात्र धूळ ओढतं, ओलं असताना घसरडं होतं, आणि एकदा मारलं की त्याच्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काहीच चिकटत नाही, म्हणजे पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांची दिशा आजच ठरून जाते. पॉलियुरेथेन म्हणजे पीयू, हे ताणाला आणि चालण्याला चांगलं, पण यातला ॲरोमॅटिक प्रकार उन्हात पिवळा पडून पावडर सुटतो, म्हणून वर ॲलिफॅटिक प्रकारचा थर लागतो किंवा टाइलखाली झाकून टाकावं लागतं. लिक्विडचा मोठा फायदा म्हणजे सांधा नाही, दहा पाईप आणि पाच कोपरे असलेल्या किचकट छतावर शीट कापत बसण्यापेक्षा हे बरं.

पण जाडी! सगळं जाडीवर आहे. डब्यात ५० टक्के सॉलिड (सुकल्यावर मागे उरणारा भाग) असेल तर १ मिलिमीटर ओला थर मारल्यावर सुकून अर्धाच मिलिमीटर उरतो. कोटेशनमध्ये "दोन कोट" असं लिहून देतात, त्याला काही अर्थ नाही, दोन कोट पाणी घालून पातळ करून पण मारता येतात. सुकल्यावरची जाडी किती मिळणार आणि चौरस मीटरला किती मटेरियल लागणार हे लिहून घ्या, काम चालू असताना ओल्या थरात दात्यांची गेज पट्टी टेकवून मोजा, आणि रिकामे डबे मोजा. कोपऱ्यांत आणि भेगांवर दोन थरांच्या मधे फॅब्रिक म्हणजे मजबुतीचं कापड घातलंच पाहिजे.

फवारून करायचा पीयू फोम हा एक वेगळा प्रकार, इन्सुलेशन आणि रूफिंग एकत्र, त्याने ढाळही थोडा सुधारता येतो. पण उघडा फोम ऊन लागून झिजतो त्यामुळे वर कोटिंग लागतंच, आणि ते ठरावीक वर्षांनी परत मारावं लागतं. पक्ष्यांनी चोच मारून भोकं पाडली तर लगेच बुजवा.

आणि उलटं छत, म्हणजे मेंब्रेन खाली आणि त्याच्यावर एक्सपीएस म्हणजे पाणी न शोषणाऱ्या कडक फोमचं इन्सुलेशन, त्याच्यावर गोटे किंवा पेव्हर. डेक वजन घेत असेल तर ही सिस्टीम मला फार पटते, कारण मेंब्रेनला ना ऊन लागत ना कोणाचा पाय. फक्त दुरुस्तीच्या वेळी सगळं उचलावं लागतं.

वयाचं विचाराल तर नीट केलेलं आणि सांभाळलेलं ईपीडीएम किंवा पीव्हीसी २०-३० वर्षं, टीपीओ आणि दोन थरांचं डांबरी मेंब्रेन १५-२५, कोटिंग १०-१५ वर्षांनी परत, असं साधारण धरून चाला. हे आकडे चांगल्या ढाळावरचे आहेत.

पायरी ६: कडा, कोपरे आणि पाईप, इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

मोकळ्या मैदानासारख्या मधल्या भागातून छत क्वचित गळतं. गळतं ते कठड्याच्या पायथ्याशी, पाईपच्या भोवती, ड्रेनच्या तोंडाशी, एसीच्या स्टँडखाली, दरवाजाच्या उंबऱ्यापाशी. तरी कोटेशन चौरस फुटावर येतं आणि या जागांचा त्यात एक शब्द नसतो.

कठड्याला मेंब्रेन किती उंच चढवणार ते विचारा. तयार झालेल्या छताच्या लेव्हलपासून किमान १५० मिलिमीटर हवं, २०० असेल तर उत्तम, आणि हे मोजताना वर टाइल येणार असतील तर टाइलच्या वरून मोजायचं. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे काटकोन ठेवायचा नाही, मसाल्याने गोलाई द्यायची, साइटवर त्याला वाटा म्हणतात, कारण काटकोनात शीट दुमडली की तिथे मागे पोकळी राहते आणि पाय पडला की फाटते. वरची कड नुसती भिंतीला चिकटवून सोडली तर ती सुटणारच, भिंतीत खाच पाडून त्यात घालून सीलंट भरायचं, किंवा ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळून तिच्यावर सीलंट, आणि त्यावर पाणी उतरवणारं पत्र्याचं फ्लॅशिंग. कठड्याचा माथाही झाका, नाहीतर पाणी वरून कठड्यात शिरून मेंब्रेनच्या मागून खाली उतरतं आणि लोक नव्या मेंब्रेनला दोष देत बसतात.

पाईपला मेंब्रेनच्याच कंपनीचा तयार बूट, म्हणजे पाईपभोवती घट्ट बसणारी कॉलर, वापरायचा. चार पाईप एकत्र चिकटून गेलेले असतील तर त्यांच्यात शीट घुसतच नाही, एकतर पाईप लांब करा नाहीतर ती जागा फॅब्रिक घालून लिक्विडने करा. एसीचं स्टँड छतातून बोल्ट मारून बसवू नका, ओट्यावर ठेवा.

वाऱ्याचाही मार इथेच. छतावर वारा खालून वर ओढतो आणि ही ओढ कोपऱ्यांत सगळ्यात जास्त, त्याखालोखाल कडांना आणि मधे सगळ्यात कमी. म्हणून स्क्रूने बसवलेल्या सिस्टीममध्ये कोपऱ्यात आणि कडेला स्क्रू जास्त दाट हवेत. सगळीकडे सारख्या अंतरावर स्क्रू मारणारा कॉन्ट्रॅक्टर हिशोब न करता काम करतोय. कडेची पट्टी सैल असेल तर वादळात तिथूनच सुरुवात होते.

पायरी ७: कॉन्ट्रॅक्टर आणि कागदपत्रं

आधी त्याच्या हातची पाच-सात वर्षांपूर्वीची छतं बघायला मागा, गेल्या महिन्यातलं चकचकीत काम दाखवलं तर त्याने काही कळत नाही. त्या मटेरियलच्या कंपनीने या टीमला ट्रेनिंग देऊन मान्यता दिलीय का ते कंपनीलाच थेट विचारा. आणि हे लक्षात घ्या की तुमच्याकडच्या चांगल्या टीमला जी सिस्टीम येते ती, कागदावर थोडी वरचढ पण कोणालाच न येणाऱ्या सिस्टीमपेक्षा जास्त टिकेल, मी तर याच गोष्टीला मटेरियलच्या वर ठेवेन.

वॉरंटीचे दोन भाग असतात. नुसती मटेरियलची वॉरंटी म्हणजे शीट खराब निघाली तर नवीन शीट मिळेल, मजुरी तुमची, उकलायचा खर्च तुमचा. सिस्टीमची वॉरंटी म्हणजे शीट, चिकट, फ्लॅशिंग आणि काम सगळं धरून. पाणी साचण्याबद्दल, वादळाबद्दल, तपासणी न केल्याबद्दल काय लिहिलंय ते बारीक अक्षर वाचा. २० वर्षांची वॉरंटी म्हणजे छत २० वर्षं टिकणार असा अर्थ होत नाही.

कोटेशनमध्ये हे सगळं नावानिशी लिहिलेलं हवं: मटेरियलचा पूर्ण ग्रेड आणि जाडी, किती थर, कसं बसवणार, कठड्याला किती उंच, ड्रेनचं काय करणार, जुनं काढणार की ठेवणार, आणि शेवटी टेस्ट कोणती. एवढं लिहून मागितलं की कोटेशनची तुलना करता येते, नाहीतर नुसत्या रकमा समोर येतात.

पायरी ८: काम चालू असताना आणि संपताना

गरम हवेच्या वेल्डिंगला रोज सकाळी आधी तुकड्यावर ट्रायल वेल्ड मारून, थंड झाल्यावर ओढून बघायला सांगा. ओढल्यावर सांधा सुटला तर मशीनचं तापमान किंवा वेग चुकलाय, शीट स्वतः फाटली आणि सांधा तसाच राहिला तर बरोबर. संध्याकाळी सगळ्या सांध्यांवरून बोथट टोकाचा स्क्रूड्रायव्हर फिरवायचा, जिथे आत शिरेल तिथे खूण करून परत वेल्ड.

शेवटी पाणी भरून टेस्ट. ड्रेन बंद करून २५ ते ५० मिलिमीटर पाणी निदान २४ तास, जमलं तर ७२ तास ठेवायचं आणि खालून बघत राहायचं. पण आधी वजन पेलेल का ते इंजिनिअरला विचारा, ५० मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो. टाइल, कोबा, माती हे सगळं या टेस्टनंतरच चढवायचं, आधी नाही, यावर ठाम राहा. मोठ्या छतांना विजेच्या प्रवाहाने भोक शोधायची टेस्टही करतात, मात्र काळ्या ईपीडीएममध्ये कार्बन असल्यामुळे शीटमधूनच वीज वाहते आणि हाय व्होल्टेजची ती पद्धत तिथे चालत नाही.

पायरी ९: नंतर

वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, शिवाय मोठं वादळ झालं की लगेच, छतावर चढून ड्रेन साफ करायचे, कोपरे आणि पाईपचे बूट हाताने दाबून बघायचे, सीलंट सुकून फाटलं असेल तर काढून नवीन भरायचं, आणि दरवेळी त्याच जागांवरून फोटो काढून ठेवायचे म्हणजे बदल लक्षात येतो. वर एसीवाला, केबलवाला, सोलरवाला चढणार असेल तर तो काम संपवून निघण्याआधी स्वतः वर जाऊन बघा, पडलेला एक स्क्रू पायाखाली येऊन शीटला भोक पाडायला पुरेसा असतो. छोटी दुरुस्ती करायची वेळ आली तर मूळ सिस्टीमचंच पॅच मटेरियल वापरा, आणि त्यासाठी काम संपतानाच कॉन्ट्रॅक्टरकडून शीटचा एक-दोन मीटर तुकडा, प्रायमरचा डबा आणि मटेरियलचं पूर्ण नाव लिहिलेला कागद मागून घेऊन ठेवा. प्रायमर आणि चिकट यांना एक्सपायरी असते, ती तारीखही त्याच कागदावर लिहून ठेवा.